कुर्बानीनंतरचा खड्डा

गोश्तचे तीन वाटे झाले की आपले काम संपले, असे आपण समजतो. मग ओझडी, आतडी, खाल पिशवीत भरून नाल्यावर! वर्गात पाकीचा धडा शिकवणारा मी, मुलांना काय सांगू?

हे चंद्रपूर आहे. उघड्या आतड्यांवर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. २०२२ मध्ये दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. तो कुर्बानीमुळे आला नव्हता. पण बिबट्याला आवतण आपण का द्यावे?

मुंडी-पाये शिजवा. ओझडी धुऊन रांधा. खालीला लगेच मीठ लावा. भाव नाही म्हणून फेकणे हा इस्राफच. रक्त-आतडी तीन फूट खड्ड्यात पुरा, वर राख आणि माती. अंगण नसेल तर मोहल्ल्याने मिळून खणा. पालिकेला दोष नंतर देऊ.