अक्षरं उलटी, वाट सुलटी
ब्रिटनमधल्या मराठी घरांतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं ‘ड्यूक ऑफ एडिनबरा’ पुरस्काराच्या पदभ्रमंतीला पाठीवर सॅक चढवून निघतात, तेव्हा त्यांना पहिला धडा हा द्यावा: नकाशावरची अक्षरं उलटी दिसली तर खुशाल दिसू द्या. नवखा माणूस नकाशा पुस्तकासारखा सरळ धरतो, दक्षिणेकडे चालताना मनातल्या मनात डावं-उजवं करत बसतो आणि तिथेच घोळ होतो. हे शिकवायला पीक डिस्ट्रिक्टमधलं हॉलिन्स क्रॉस नामी. मॅम टॉर ते लूज हिल या डोंगरधारेवरच्या या जागेवरून उत्तरेला ईडेलचं खोरं, दक्षिणेला कॅसलटन गाव. होकायंत्र खिशातच राहू द्यावं. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावरची धार पायाखालच्या धारेशी जुळेपर्यंत नकाशा फिरवायचा. तो नेमका उलटाही बसू शकतो, म्हणून दुसरी खूण हवी: ईडेलच्या खोऱ्यातली रेल्वेलाइन. ती नकाशातही त्याच बाजूला आली, की काम फत्ते. धुक्यात मात्र होकायंत्राला पर्याय नाही. नकाशा असा फिरवायचा, की सुईचं लाल टोक त्याच्या माथ्याकडे आणि उभ्या निळ्या रेघांना समांतर येईल. चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक ब्रिटनमध्ये सध्या इतका थोडा आहे, की नवशिक्याने त्याची धास्ती घेऊ नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉर्सेटमधल्या लँग्टन मॅट्रॅव्हर्सपाशी खऱ्या उत्तरेसह तिन्ही एका रेषेत आल्या होत्या. फोन सोबत असावाच, पण बॅटरी संपली की तो मुका होतो; नीट जुळवलेल्या नकाशाला चार्जिंग लागत नाही.