मूल मोजायला कागद कोणता?

आई किंवा बाप यांपैकी एक जरी थाई असेल, तर मूल जगाच्या पाठीवर कोठेही जन्मो, थायलंडच्या कायद्याप्रमाणे ते जन्मतःच थाई ठरते. ही समता सहजासहजी आलेली नाही. 1965 च्या राष्ट्रीयत्व कायद्याने परदेशी जन्मलेल्या अपत्यास हा वारसा मुख्यतः पित्याकडून दिला होता. आईचे नाते तेव्हाच ग्राह्य धरले जाई, जेव्हा कायदेशीर पिता नसे किंवा पिता राष्ट्रीयत्वहीन असे. विदेशी पुरुषाशी विवाह करून परदेशी राहणाऱ्या थाई स्त्रीचे मूल तिच्याच देशाला परके होते. 1992 च्या दुरुस्तीने आईबापांस समान लेखले. 2008 साली, विवाह झालेला नसला तरी पितृत्व सिद्ध झाल्यास पित्याचाही वारसा मान्य झाला. आपल्याकडेही परदेशी जन्मलेल्या मुलास आईकडून नागरिकत्व देणारी दुरुस्ती 1992 चीच, हे येथे ध्यानात घ्यावे.

परंतु कायद्यातील हक्क आणि हातातील दाखला यांत मोठे अंतर आहे. परदेशी जन्मदाखला, त्याचे भाषांतर व प्रमाणीकरण, आईबापांची ओळखपत्रे, घरनोंदवहीची प्रत, विवाह झाला असल्यास त्याचा पुरावा, एवढे घेऊन थाई वकिलातीत जावे लागते. तेथे मिळालेला थाई जन्मदाखला मायदेशी जिल्हा कचेरीत दाखवून मुलाचे नाव ‘थाबियन बान’ या घरनोंदवहीत चढवावे लागते. तेरा आकडी नागरिक क्रमांक आणि वहीतील हे नाव असले, म्हणजेच 2002 पासूनच्या सार्वत्रिक आरोग्य योजनेचे आणि ओळखपत्राचे दार उघडते.

स्टॉकहोम वा म्युनिक येथे स्थिरावलेल्या कुटुंबास हा दोन-चार दिवसांच्या रजेचा प्रश्न आहे. दक्षिण कोरियाच्या शेतांवर आणि कारखान्यांत परवान्यावाचून राबणाऱ्या थाई स्त्रीची स्थिती काय? अशा मजुरांना थाई बोलीत ‘फी नोई’, म्हणजे छोटी भुते, असे नाव पडले आहे. कोरियाची जन्मनोंदणी कोरियन नागरिकांच्या अपत्यांपुरती आहे. जुलै 2024 पासून तेथे रुग्णालयांनी जन्माची वर्दी सरकारला देण्याची पद्धत सुरू झाली. तीतही परदेशी मातांची मुले वगळली गेली. म्हणजे या मुलास कागद देऊ शकेल अशी एकच जागा उरते, ती त्याच्या आईची वकिलात. तेथवर जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि वाटेत पकडले जाण्याची भीती असते. नोंद नाही म्हणून प्रवासाचा कागद नाही, आणि तो नाही म्हणून मूल उदोन थानीच्या आजीकडेही पाठवता येत नाही. परदेशातून आलेली मजुरी राष्ट्राच्या उत्पन्नात तत्काळ मोजली जाते. ती पाठवणाऱ्या स्त्रीचे मूल मोजण्यासाठी मात्र तिच्याकडेच पुराव्यांची चळत मागितली जाते. ही विषमता आम्हांला अक्षम्य वाटते.

उपाय अशक्य नाहीत. थाई वकिलातींची फिरती पथके अधूनमधून श्रमिकांच्या वस्त्यांकडे जातात. सुटीच्या दिवशी ती नेमाने गेली पाहिजेत. रुग्णालयाच्या दाखल्यावर नोंद सुरू व्हावी, उरलेले पुरावे मागाहून घ्यावेत. यजमान देशाने जन्माची नोंदवही परदेशी मजुरांच्या धरपकडीपासून कटाक्षाने अलग ठेवावी. आईच्या परवान्याची मुदत संपली, हा मुलाचा अपराध होऊ शकत नाही.

एका बाबतीत थाई कायदा आपल्याहून उदार आहे: नोंदीस उशीर झाला म्हणून तेथे राष्ट्रीयत्व जात नाही. आपल्या 2003 च्या दुरुस्तीनुसार, 3 डिसेंबर 2004 पासून, परदेशी जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत झाली नाही, तर केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून त्यास भारतीय नागरिकत्व मिळत नाही. रत्नागिरीहून आखातात गेलेल्या किती कुटुंबांना हे ठाऊक असेल? कार्यकर्त्यांनी गावोगाव ही माहिती पोहोचवावी, आणि एका वर्षाची ही अट रद्द व्हावी म्हणून आवाजही उठवावा. बँकॉक असो वा दिल्ली, श्रमिकाच्या मुलाची नोंद करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. त्याचा भार आईच्या माथी मारणे थांबले पाहिजे.