बांधावर फवारा मारणाऱ्यांनो, एक विचारतो



पाऊस लागून पंधरा दिवस झाले आणि शिवारात बांध जाळायची शर्यत लागलीय. जो तो पाठीवर पंप. पिकातल्या तणावर आज बोलत नाही. खुरपायला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, सगळं मान्य. पण बांधावर तुमचं कोणतं पीक उभंय?

तिथं टाकळा आहे, कुर्डू आहे, कुंपणावर करटुली चढायला लागलीय. कुणी पेरली नाही म्हणून ती कुणाचीच नाही, असं आपण धरून चाललोय. ज्या बाईला गुंठाभर रान नाही, तिची पावसाळ्यातली भाजी तीच.

ग्लायफोसेट मारलं की पाला लगेच जळत नाही. चार-पाच दिवस, आभाळ असलं तर जास्तच, हिरवागार दिसतो. खुडणाऱ्या बाईला कळणार कसं? धुऊनही उपयोग नाही, ते पानाच्या आत शिरलेलं असतं. केना तर त्याला लवकर दादच देत नाही. शेजारचं गवत पिवळं पडतं, केना तसाच तरारलेला, आणि त्याचीच भजी तळली जातात. अन् ह्याला आपण 'औषध' म्हणतो! आजीचा आघाडा, गुळवेल ज्या बांधावर होता, तिथंच हे औषध.

करटुलीचं तर वाटोळंच. वेल दरसाल जमिनीतल्या कंदातून फुटतो आणि हे पानातून थेट कंदात उतरतं. कंदच मेला तर पुढच्या साली फुटणार काय? शिवाय तिचा नर वेल वेगळा, मादी वेगळी. जवळपासचा नर मेला की मादीला नुसती फुलं, फळ धरत नाही. मग श्रावणात बाजारात चढ्या भावानं पावशेर घ्यायची.

केंद्रानं ऑक्टोबर २०२२ ला अधिसूचना काढली, ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या चालकांनीच वापरावं म्हणून. कोण पाळतंय ते बांधावर जाऊन बघा. ऑगस्टात रानभाजी महोत्सवाला मात्र आपणच फोटोत पुढं. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून रानातलं शोधणार, ते ठेवलंय कुठं?

बांध कापा. विळ्यानं कापा, ग्रास कटर भाड्यानं आणा, शेळीवाल्याला सोडू द्या. मुळं राहिली तर बांधही ढासळत नाही. आणि फवारायचंच असेल तर आदल्या दिवशी वस्तीवर जाऊन सांगा, बांधावर काठीला लाल फडकं बांधा. पाला पूर्ण वाळेपर्यंत ते काढू नका.