ताबा घेण्यापूर्वीची तपासणी : कवच आहे, पुरावा हवा

आयुष्यभराची पुंजी आणि वर्षानुवर्षांच्या हप्त्यांचे ओझे पत्करून सर्वसामान्य माणूस सदनिका घेतो. परंतु ताबापत्रावर स्वाक्षरी करताना मात्र ती बहुधा घाईघाईतच पाहिली जाते. नव्या रंगाआड दडलेली ओल पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर उमटते आणि मग दोष कोणाचा, यावर वाद सुरू होतो. ताब्यापूर्वी तज्ज्ञाकडून घराची तपासणी करून घेण्याची पद्धत म्हणूनच मुंबई-पुण्यात हळूहळू रुजू लागली आहे. मात्र या तपासणीकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, याबाबत ग्राहकांच्या मनात संदिग्धता आहे.

पाच वर्षांची हमी

महाराष्ट्रात १९६३च्या मोफा कायद्याने बांधकामातील दोषांसाठी विकासकाला तीन वर्षे जबाबदार धरले होते. स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजेच 'रेरा'च्या कलम १४(३) नुसार ही मुदत ताब्यापासून पाच वर्षे झाली. संरचना, कारागिरी, दर्जा वा सुविधांमधील दोष कळविल्यानंतर ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करणे विकासकावर बंधनकारक आहे. अन्यथा ग्राहक भरपाईस पात्र ठरतो.

तरतूद स्पष्ट असली तरी वादाचे मूळ पुराव्यात आहे. 'फर्निचर करताना तुमच्याच कारागिराने भिंत फोडली', हा विकासकाकडून होऊ शकणारा युक्तिवाद खोडून काढायचा, तर सुतार आणि गवंडी घरात येण्यापूर्वीची स्थिती नोंदलेली असली पाहिजे. तारीख आणि छायाचित्रांसह तयार झालेला अहवाल हेच या तपासणीचे खरे फलित होय. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणे ग्राहकावरही बंधनकारक असल्याने हे काम लांबणीवर टाकून चालत नाही.

काय तपासले जाते?

फरशीवर हलकेच ठोकून पोकळ आवाज कोठे येतो, हे पाहिले जाते. तेथे खाली सिमेंटचा थर भरलेला नसतो आणि ती फरशी पुढे तडकते. स्नानगृहात पाणी ओतून उतार जाळीकडे आहे की दाराकडे, याची खात्री केली जाते. ओलावामापक आणि उष्णतादर्शक कॅमेऱ्याने भिंतीतील दमट भाग शोधले जातात. प्रत्येक प्लगला अर्थिंग आहे का, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी स्विच वेळेवर पडतो का, नळाला पुरेसा दाब आहे का, खिडक्यांच्या कडा नीट बुजविल्या आहेत का, याचीही नोंद होते. चटई क्षेत्र मोजून करारातील आकड्याशी ताडले जाते. आदर्श करारनाम्यानुसार तूट आढळल्यास जादा घेतलेली रक्कम व्याजासह परत मिळू शकते.

मर्यादा ओळखा

ही तपासणी मुख्यतः डोळ्यांनी दिसणाऱ्या आणि साध्या उपकरणांनी मोजता येणाऱ्या गोष्टींची असते. भिंतीत गाडलेली जलवाहिनी वा स्तंभातील सळई तिच्या कक्षेत येत नाही. भर उन्हाळ्यात कोरडी दिसणारी बाह्य भिंत आषाढात गळणार नाही, अशी हमीही कोणी देऊ शकत नाही.

इमारतीच्या मजबुतीचा प्रश्न तर सर्वस्वी वेगळा आहे. महाड येथे ऑगस्ट २०२० मध्ये 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला, तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. असा धोका एका सदनिकेच्या पाहणीतून कळत नाही. त्यासाठी संरचना अभियंत्याचे परीक्षण, काँक्रीटच्या ध्वनिलहरी चाचण्या आणि प्रसंगी नमुने काढणे आवश्यक ठरते. जुनी सदनिका घेणाऱ्याने सोसायटीकडे संरचनात्मक लेखापरीक्षणाचा अहवाल मागितलाच पाहिजे. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी असे परीक्षण अपेक्षित आहे.

'बँकेने कर्ज दिले, म्हणजे घर चांगलेच असणार', हा समजही फसवा आहे. बँकेचा मूल्यमापक तारणाची किंमत ठरवितो, मोरीची गळती शोधत नाही. भोगवटा प्रमाणपत्र बांधकाम मंजूर आराखड्यानुसार झाल्याचे सांगते, गिलाव्याचा दर्जा नव्हे.

परवान्याविना व्यवसाय

अमेरिकेतील अनेक राज्यांत घर तपासणारास परवाना घ्यावा लागतो. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र परवाना नाही. त्यामुळे तपासणाऱ्याची अभियांत्रिकी पात्रता, नमुना अहवाल आणि विकासकाशी असलेले हितसंबंध पारखण्याची जबाबदारी ग्राहकावरच येते. विकासकानेच सुचविलेला तज्ज्ञ टाळणे इष्ट.

शुल्क देऊन अहवाल घेतला आणि तो कपाटात ठेवला, तर त्याचा उपयोग शून्य. आढळलेले दोष विकासकास लेखी कळवून पोच घ्यावी, दुरुस्तीनंतर फेरतपासणी करावी आणि दोष शिल्लक असतील, तर ताबापत्रावरच त्यांची नोंद करावी. कायद्याने दिलेली पाच वर्षे पदरात पाडून घ्यायची, तर त्याची सुरुवात या एका नोंदीपासूनच होते.