बैठक खाली पटांगणात घ्या



गिरगावापासून लालबाग-परळपर्यंत सध्या दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच असतो: तुमची चाळ कधी पडतेय? कुणाचा पुनर्विकासाचा करार व्हायचाय, कुणाचं बिल्डरकडून येणारं भाडं थकलंय, कुणी पाचशे फुटांत देव्हारा कुठल्या भिंतीला बसेल याचा हिशेब मांडतोय. १४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, तेव्हापासून तर नायगाव आणि डिलाईल रोडच्या चाळींनाही झोप नाही. एकशे साठ फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या माणसांचा हा आनंद आहे. त्याला नाक मुरडायचं पाप मी करणार नाही.

पण या सगळ्या बोलण्यात काही माणसांचं नावच निघत नाही. नव्या इमारतींचे नकाशे तर आत्ता नक्की होतायत, कुठे या महिन्यात, कुठे पुढच्या. एकदा स्लॅब पडला की पुढची पन्नास-साठ वर्षं कुणी दाराची चौकट रुंद करून देणार नाही. म्हणून घाईने लिहितोय.

आमच्याच चाळीतली दोन माणसं सांगतो, नावं सोडून. एक मधल्या मजल्यावरचा, वय ४३. केसांत पांढरं आलं तरी सगळी चाळ त्याला अजून 'बाळा' म्हणते. त्याच्या शाळेच्या कागदावर 'मतिमंद' लिहिलंय; आता 'बौद्धिक अक्षमता' लिहितात. पहाटे साडेपाचला तो अकरा बिऱ्हाडांचं दूध आणतो. कुणाकडे गायीचं, कुणाकडे म्हशीचं, एकादशीला कुणाची एक पिशवी जास्त, सगळं तोंडपाठ. पैसे त्याला नीट मोजता येत नाहीत. पण ते दूधवाल्याला ठाऊक आहे आणि अकरा बिऱ्हाडांनाही, त्यामुळे इतक्या वर्षांत हिशेब कधी चुकला नाही. वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. ते गेले. आई ७६ वर्षांची.

दुसरी तिसऱ्या मजल्यावरची. लहानपणी पोलिओ झाला. साड्यांना फॉल-बीडिंग करते, आणि हात असा की दादरच्या दुकानातून काम शोधत येतं. जिना लाकडी, चढा, वळणावर काळोख. ती वर्षातून दोन-तीनदाच खाली येते, दवाखान्याला आणि गणपतीला. गणपतीत मंडळाची मुलं तिला खुर्चीसकट उचलून आणतात, हौसेने आणतात. एका वर्षी ती त्यांना म्हणाली, "देवाला आणता तसं एकदा बाजारात पण न्या रे. माझी सुरमई मला निवडायचीय." मुलं हसली. मीही हसलो. नंतर बरेच दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना.

आता या दोघांचं गणित मांडा. बाळाला चाळीने माणसं दिली, म्हणून तो कामाचा माणूस झाला. तिला त्याच चाळीच्या जिन्याने अडकवलं. नव्या इमारतीत लिफ्ट आली की तिचा प्रश्न निदान अर्धा सुटेल, आणि नेमका त्याच दिवशी बाळाचा सुरू होईल. बाविसाव्या मजल्यावर दारं बंद, दूध ॲपवरून येणार, आणि गेटवरचा नवा वॉचमन त्याला रोज विचारणार, "कुठे चाललास? कुणाकडे?" जिना जाताना शेजारही जाणार असेल, तर आपण एकाला सोडवून दुसऱ्याला कोंडतोय.

या शहराला अपंग मुलांचं वावडं कधीच नव्हतं. माझगावला मुक्या-बहिऱ्यांची शाळा १८८५ साली निघाली. अंध मुलांची शाळा ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी १९०० साली काढली; आज ती दादरची कमला मेहता शाळा म्हणून चालते. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ची. १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी घरातच वर्ग सुरू केला, तीच शिवडीची जय वकील शाळा. फातिमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला, म्हणून त्यांनी १९४७ साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना उघडला; हाजीअलीच्या मुलांच्या अस्थिरुग्णालयाची सुरुवात तिथली. एका आईने आणि एका जोडप्याने स्वतःच्या घरच्या दुखण्यातून शहराला एवढं दिलं.

पण ही यादी पुन्हा वाचा. सगळीकडे मूल आहे. मुलासाठी आपले हात चटकन पुढे येतात. पुढे त्या मुलाला मिशा फुटतात. त्याला पगार हवा असतो, दाराला आतून कडी हवी असते, कधी लग्नही करायचं असतं, आणि तिथे आपण गडबडतो. कायदासुद्धा अपंग मुलांना मोफत शिक्षणाची हमी सहा ते अठरा वर्षांपर्यंत देतो. एकोणिसाव्या वर्षी काय? काही शाळा प्रौढांना काम शिकवतात, शिवडीतही शिकवतात, पण बहुतेकांसाठी उत्तर घरच्या कॉटवर येऊन थांबतं.

मग आईबाप म्हातारे होतात आणि एक प्रश्न घरात वावरायला लागतो: आमच्या मागे याचं कोण? मा. गो. गोरे आणि त्यांच्यासारख्या पालकांनी या प्रश्नाला स्वतःच उत्तर शोधलं आणि बदलापूरजवळ 'आधार' उभी केली, प्रौढ मतिमंदांसाठी निवासी संस्था. त्या कामापुढे हात जोडावेत. तरी एक सांगतो. ज्याने चाळीस वर्षं भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळख दिली, त्याला आई गेल्याच्या तेराव्या दिवशी गावाबाहेरच्या डॉर्मिटरीत नेऊन सोडणं हा एकच रस्ता असू नये. तो आईबरोबर नाकाही गमावतो.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या पाचव्या कलमात हे चक्क लिहिलेलं आहे: समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि अमुक एका जागीच राहा अशी सक्ती करता येणार नाही. वैयक्तिक मदतनिसाचा उल्लेखही त्यात आहे. कागदावर आपण श्रीमंत आहोत. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खातं काढलं. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आलं. जिना मात्र कुणी हलवला नाही.

'स्वतंत्र' म्हटलं की पालक दचकतात: "अहो, ह्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत!" नसतील येत. अमेरिकेत बर्कलीला १९७२ साली एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतंत्र जगण्याचं केंद्र सुरू केलं. रॉबर्ट्सना मानेखाली जवळजवळ काही हलवता येत नव्हतं, श्वासाला यंत्र लागायचं. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत असं की बटण कोण लावतो याला महत्त्व नाही, कुठला शर्ट घालायचा हे ठरवतो कोण, याला आहे. योगायोग असा की त्याच १९७२मध्ये इकडे कुलाब्यात मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची शाळा काढली, मुलगी मालिनीमुळे. मालिनी चिब पुढे दोन पदव्युत्तर पदव्या घेऊन चर्चगेटच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरीला लागल्या. करंगळीने एकेक अक्षर टाइप करून त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, २०११मध्ये प्रसिद्ध झालं. सुरमई निवडायची आहे म्हणणारी आमची तिसऱ्या मजल्यावरची बाई आणि एड रॉबर्ट्स मला एकाच जातकुळीतले वाटतात.

तर आता काय करायचं.

सगळ्यात आधी प्लॅन मागवा आणि टेप घेऊन बसा. संडास-बाथरूमचं दार मोकळं ९०० मिलिमीटर रुंद हवं, नाहीतर व्हीलचेअर आत न्यायला अडचण होते. आत तिला वळायला दीड मीटरचा घेर लागतो. रॅम्प एक फूट चढाला निदान बारा फूट लांब हवा. बिल्डर दाखवतो ती घसरगुंडी रॅम्पमध्ये मोजू नका. लिफ्टपर्यंत एकही पायरी नको. आर्किटेक्ट म्हणेल, दोन-चार घरांसाठी एवढं कशाला? त्याला विचारा, वीस वर्षांनी तुझे आणि माझे गुडघे कुठे असतील. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेच्या आराखड्याला मंजुरी आणि इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असं २०१६च्या त्याच कायद्याचं कलम ४४ सांगतं. सर्वोच्च न्यायालयानेही राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावलं की हे मापदंड शिफारशी म्हणून सोडून चालणार नाहीत, बंधनकारक नियम करा. तरी तुमच्या खोलीतल्या मोरीचं दार मोजायला कुठलाही अधिकारी येणार नाही. ते आपणच मोजायचं.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण बोलतो. भाडेपावतीवर वडिलांचं नाव असतं. वडील गेले की ती थोरल्या भावाच्या नावावर होते, आणि नव्या घराचा करार भाऊ-वहिनीच्या नावे. बाळाचं नाव कुठेच नाही. भाऊ वाईट नसतो. "त्याला काय कळतंय" एवढं एक वाक्य पुरतं. पण ज्या दिवशी ते घर विकलं जाईल, त्या दिवशी त्याच्या बाजूने एक चिठ्ठीसुद्धा नसेल. अपंग व्यक्तीला मालमत्ता धारण करण्याचा आणि वारशाने मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. करारावर सही होण्याआधी त्याचं नाव घाला, मृत्युपत्र करा. पालकत्वासाठी १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हा पातळीवर स्थानिक स्तर समिती असते; स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना तिथे अर्ज करता येतो. पण लक्षात असू द्या, २०१६च्या कायद्यानुसार कुठलाही पालक हा 'मर्यादित पालक' आहे. त्याने त्या व्यक्तीला विचारून, तिच्याबरोबर निर्णय घ्यायचा, तिच्या डोक्यावरून नव्हे. दिव्यांगांचं युडीआयडी ओळखपत्र अजून काढलं नसेल तर या आठवड्यात अर्ज करा. 'निरामय' विम्याचं एक लाखापर्यंतचं संरक्षण याच चार गटांसाठी आहे.

तिसरं मागणं शेजाऱ्यांकडे. पैसे मागत नाही, आठवड्यातले दोन तास मागतो. नव्या इमारतीत ज्या घरात असा प्रौढ माणूस असेल, त्याच्याभोवती चार-पाच जणांनी स्वतःहून नाव नोंदवावं. एकाने बँकेत सोबत जावं, पण स्लिप त्यालाच भरू द्यावी. एकाने परळ ते दादर लोकलचा प्रवास शिकवावा: आधी बरोबर, मग दोन डबे सोडून, मग नुसतं फलाटावर वाट बघत. हे शिकायला कधी सहा महिने लागतात, लागू देत. गिरगावात आता मेट्रो आली आहे, स्थानकात लिफ्ट आहे. तिथून तर सुरुवात सोपी. आणि आई घरी एकटी असेल तर तिला एक संध्याकाळ भजनाला जाऊ द्या. तिने तीस वर्षांत ती घेतलेली नाही.

दुकानदारांनो, खानावळवाल्यांनो, छापखानेवाल्यांनो, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या कचेऱ्यांतल्या साहेबांनो, एक जागा मोकळी करा. सणाला अपंगांच्या संस्थांकडून पणत्या आणि पाकिटं विकत घेता ते चांगलंच आहे, पण मी पगाराबद्दल बोलतोय. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे. खासगीत तशी सक्ती नाही, समान संधीचं धोरण जाहीर करण्याची मात्र आहे. तुमच्याकडे ते कुठल्या फळ्यावर लावलंय, जरा शोधून पाहा. काम ठरावीक, रोजचं, सांगणारा माणूस एकच, एवढं जमवलं तर बाळासारखा माणूस दांडी मारत नाही, हे मी दूध घेणारा म्हणून सांगतो.

आणि मंडळं. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून हा परिसर मंडळांनी चालवला आहे. ज्या गल्लीतून वीस फुटी मूर्ती इंच-इंच सरकवत तुम्ही बाहेर काढता, कुठल्या वायरला बांबू लावायचा, कुठे चाकाखाली फळी घालायची हे झोपेतही सांगता, त्या गल्लीत एका व्हीलचेअरचं तुम्हाला काय ते जड? यंदा मंडपाचा रॅम्प दहा दिवसांनी उखडून फेकू नका. तोच चाळीच्या दाराशी आणून बसवा. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंना वर्गणीचा हिशेब द्या सांभाळायला, आकड्यांत पक्क्या आहेत.

शेवटचं काम याच रविवारच्या बैठकीचं. ऑक्टोबर २०२३मध्ये विराली मोदी ही व्हीलचेअर वापरणारी मुलगी लग्नाची नोंदणी करायला खारच्या कार्यालयात गेली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अधिकारी खाली यायला तयार नव्हते, म्हणून लग्नाच्या दिवशी नवरीला उचलून वर न्यावं लागलं, हे तिनेच जाहीरपणे सांगितलं. गवगवा झाला, उपमुख्यमंत्र्यांना दखल घ्यावी लागली. तेव्हा आपण सगळे त्या अधिकाऱ्यांवर चिडलो होतो. आता आपल्या पुनर्विकासाच्या बैठका कुठे होतात ते आठवा: चेअरमनच्या खोलीत, चौथ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने आजवर एकाही बैठकीच्या वहीत सही केलेली नाही, आणि बाळाला तर कुणी बोलावलंच नाही.

या वेळी सतरंजी खाली पटांगणात टाका. तिला खाली आणायला चार मुलं आदल्या दिवशीच ठरवा, आणि कसं उचलायचं ते तिला विचारा. बाळाला पहिल्या रांगेत बसवा, प्लॅनचा कागद त्याच्या हातात द्या, आणि त्याला कुठली खोली कशासाठी हवी ते त्याच्या तोंडून ऐका. वेळ लागेल. चहा दोनदा करावा लागेल, दूध तो आणेल.