आधी कुदळ, मग नकाशा

अंगण, सोसायटीच्या मागचा मोकळा तुकडा नाहीतर गावाकडचं माळरान, यातलं काहीही हाताशी असेल आणि तिथे बाग करायचं मनात असेल, तर कंत्राटदाराला बोलावण्याआधी एक करा. मृग लागायच्या आत त्याच जागेत दहा-पंधरा फुटांचा एक चर स्वतः खणा.

त्यासाठी समतल रेषा हवी, आणि ती काढायला यंत्र लागत नाही. सहा-सात फुटांच्या दोन काठ्या शेंड्याला एकत्र बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका, शेंड्यावरून दोरीला दगड सोडा. झाली ए-फ्रेम. तिचे पाय जमिनीवरच्या दोन खुणांवर टेकवा आणि दोरी पट्टीवर जिथे स्थिरावते तिथे पेन्सिल ओढा. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा ओढा. दोन्हींच्या बरोबर मधली खूण म्हणजे समपातळी. दोरी त्या खुणेवर राहील अशी फ्रेम फिरवत पुढे न्या, पाय टेकेल तिथे फक्की टाका. रेषा वाकडी येईल. येऊ द्या, तुमची जमीनच तशी आहे! लॉन कुठे घ्यायचं हा विचार इथेच बदलू लागतो.

पाणलोटाच्या कामात हा चर साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 खोल घेतात. म्हणजे मीटरभर लांबीत एका वेळी 180 लिटर पाणी मावतं. वरची सुपीक माती बाजूला ठेवा, झाडांना लागेल. मुरूम उताराच्या खालच्या अंगाला टाका. वर टाकलात तर पहिल्या सरीबरोबर चरात परत येईल. चर भरल्यावर पाणी कुठून निघणार तेही आधीच ठरवा आणि तिथे दगड लावून सांडवा करा. घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब राहा. तीव्र उतारावर, खाली घरं असतील तिथे, जाणकाराशिवाय कुदळ लावूच नका.

हे सगळ्यांना जमतं का? 2016 साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत वरुड, कोरेगाव आणि आंबेजोगाई तालुक्यांतली गावं 45 दिवस अशीच कामं करत होती. ती गावकऱ्यांनी आधी प्रशिक्षणात शिकून घेतली होती.

चरासारखीच दगडी भिंतही हाताने शिकता येते. कोकणात असाल तर गडगा, म्हणजे नुसत्या दगडांची भिंत, रचणारा माणूस गाठा. सिमेंट नाही, म्हणून पाणी फटींतून निघून जातं आणि भिंतीला फुगवटा येत नाही. त्याच्या हाताखाली दगड द्या. सांधमोड कशी करतो, लांब दगड आडवा आत कसा घालतो, चिपा कुठे ठोकतो ते बघा आणि दोन हात उंचीचा तुकडा स्वतः रचा. त्या दिवसाची मजुरी मात्र शिकवणाऱ्याला साजेशी द्या, त्यात घासाघीस नको.

चराच्या खालच्या काठावर वीतभर अंतराने वाळ्याचे ठोंब लावायचे आहेत, पण पाऊस नीट बसल्यावर. रोपवाटिकेत आत्ताच सांगून ठेवा, जूनमध्ये मिळतीलच असं नाही.