योग्य गृहीतक धरा

इंजिनिअरिंगची जुनी प्रश्नपत्रिका काढून बघा. वरच्या सूचनांमध्ये बहुतेक वेळा एक ओळ सापडेल: आवश्यक तेथे योग्य गृहीतक धरा. मी वर्गात विचारतो, योग्य म्हणजे किती? मुलं एकमेकांकडे बघतात. मग मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो, "सर, हे परीक्षेला आहे का?"

त्या तासाला मी फळ्यावर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे दोन पूल काढतो. हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे पादचारी पूल एकाखाली एक, छताला पोलादी सळ्यांनी टांगलेले. मूळ आराखड्यात वरपासून खालपर्यंत सलग सळी होती. पण मध्येच, चौथ्या मजल्याच्या तुळईखाली नट बसवायचा तर एवढ्या लांब सळीवर आटे पाडावे लागणार. ते जिकिरीचं, म्हणून एका सळीच्या दोन झाल्या. खालचा पूल आता वरच्याच्या तुळईला लटकला. दिसायला किरकोळ बदल! नकाशावर इंजिनिअरचा शिक्काही बसला. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी दोन्ही पूल कोसळले आणि 114 माणसं गेली.

एका दोरीला दोघं वर-खाली लटकले, तर प्रत्येकाच्या हातावर आपापलंच वजन. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले की वरच्याच्या हातांवर दोघांचं. चौथ्या मजल्याच्या सांध्यावर तसाच दुप्पट भार आला. (मूळ आराखडासुद्धा तिथल्या नियमाच्या 60 टक्केच भार पेलणारा होता, हे चौकशीत निघालं.)

हे गणित दुसऱ्या वर्षाचा मुलगा करतो हो. ते मांडून बघावं असं वेळेवर कुणाला वाटलं नाही, आणि नेमकं तेच आपण कधी तपासत नाही.

म्हणून मी मुलांना नकाशा देतो आणि सांगतो: कंत्राटदार खोळंबलाय, साहेबांना आजच सही हवी. कराल? नसाल करत, तर कुणाला काय विचाराल? याला मार्क देणं कठीण आहे, मान्य. दोन शिक्षकांचे जुळत नाहीत. तरी हे टर्मवर्कमध्ये हवंच, असं माझं मत. एका मुलीने लिहिलं, "सही करणार नाही, पण साहेबांना तोंडावर सांगायची भीती वाटेल." तिला मी पूर्ण मार्क दिले.

पालकहो, "सरांनी उत्तरच सांगितलं नाही" अशी तक्रार घरी आली, तर मला फोन करण्याआधी मुलाला तो नकाशा तुम्हाला समजावून सांगायला लावा.